४४३ धावांचे गणित

क्रिकेटचा सामना पाहताना तुमचे लक्ष वारंवार धावफलकाकडे जात असेल. पण आकडे वाचले म्हणजे त्यांचा अर्थ कळला असे नाही. आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे शिकवणाऱ्या शास्त्राला संख्याशास्त्र म्हणतात. त्याचा एक छोटा धडा आज आपण पुण्यात गाजलेल्या एका हंगामावरून घेऊ. तो हंगाम म्हणजे १९४८-४९ चा रणजी करंडक.

डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बळींच्या मोबदल्यात ८२६ धावा केल्या. त्यांपैकी भाऊसाहेब निंबाळकर यांच्या एकट्याच्या ४४३ धावा होत्या, आणि ते नाबाद होते. क. वि. भांडारकर यांनी २०५ धावा केल्या. या दोघांची दुसऱ्या बळीसाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये केलेल्या नाबाद ४५२ धावांचा विक्रम मागे टाकायला निंबाळकरांना अवघ्या १० धावा हव्या होत्या. पण विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि डाव तेथेच थांबला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची हीच सर्वांत मोठी खेळी आहे.

आता थोडी आकडेमोड करू. या खेळीत ४९ चौकार आणि १ षटकार होता. म्हणजे ४९ × ४ + ६ = २०२ धावा सीमापार फटक्यांच्या. उरलेल्या २४१ धावा पळून काढल्या असे धरू. दोन्ही टोकांच्या फलंदाजी रेषांमधले अंतर ५८ फूट, म्हणजे सुमारे १७.७ मीटर असते. २४१ ला १७.७ ने गुणा. उत्तर सव्वाचार किलोमीटरच्या आसपास येईल. जोडीदाराच्या धावांसाठी केलेली धावाधाव त्यात धरलेलीच नाही! आणि हे सारे ४९४ मिनिटांत, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ एकाग्रता ठेवून.

सरासरी कशी काढतात?

फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. मग या एका खेळीची सरासरी किती? निंबाळकर बादच झाले नाहीत, म्हणून भाजक शून्य. शून्याने भागता येत नाही, तेव्हा ही सरासरी काढताच येत नाही. एवढी मोठी खेळी, पण एकट्या तिची सरासरी नाही! यावरून पहिला नियम ध्यानात ठेवा: थोड्या माहितीवरून काढलेली सरासरी भरवशाची नसते, आणि कधीकधी ती निघतही नाही.

दुसरी गंमत पाहा. दोन काल्पनिक फलंदाज घेऊ. दोघेही पाचही डावांत बाद झाले. पहिल्याच्या धावा ४, ७, ०, ९ आणि १८०. दुसऱ्याच्या ३५, ४२, ३८, ४१ आणि ४४. दोघांचीही बेरीज २०० आणि सरासरी ४०. पण दोघांचा खेळ सारखा आहे का? हे आकडे चढत्या क्रमाने लिहून मधला आकडा पाहा. त्याला मध्यक म्हणतात. पहिल्याचा मध्यक ७, दुसऱ्याचा ४१. एका भल्या मोठ्या आकड्याने सरासरी वर खेचली, मध्यकाला मात्र ती ओढ लागली नाही.

ती बोलाफुलाला गाठ होती का?

मग निंबाळकरांची खेळीही पहिल्या फलंदाजाच्या १८० धावांसारखीच असेल, अशी शंका तुम्हाला येईल. शंका रास्त आहे, आणि ती तपासता येते. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत त्यांनी ४८४१ धावा केल्या, सरासरी ४७.९३. यावरून ते १०१ वेळा बाद झाले असे निघते. आता त्या ४४३ धावा वजा करा. उरतात ४३९८. त्यांना १०१ ने भागले तर ४३.५४. सरासरी साडेचारहून कमीच घसरली! म्हणजे ती खेळी काढून टाकली तरी उत्तम फलंदाज उरतोच. एवढे असूनही निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधी खेळायला मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे मात्र सरासरी सांगू शकत नाही.

हजार धावा आणि हार

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच महाराष्ट्र आणि मुंबई यांचा उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, ३८ बळी आणि नऊ शतके! महाराष्ट्राने दोन डावांत १०११ धावा काढल्या, तरी ३५४ धावांनी सामना गमावला. येथे एका बळीमागे सरासरी ६२ हून अधिक धावा पडत होत्या. जेथे वीस धावांना एक बळी पडतो तेथले शतक आणि या सामन्यातले शतक एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. आकड्याला किंमत येते ती तुलनेने.

त्या काळी रणजी करंडक बाद पद्धतीने खेळत. एक हार झाली की हंगाम संपला. अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या श्रेणीतले अनेक संघसुद्धा एका हंगामात शंभराहून अधिक सामने खेळतात. तेथे नशिबाचे चढउतार बरेचसे एकमेकांत मिटून जातात. तीन-चार सामन्यांत ते मिटत नाहीत. म्हणून एका चाचणीतल्या गुणांवरून स्वतःला किंवा मित्राला हुशार अथवा मठ्ठ ठरवू नका.

करून पाहा: तुमच्या शाळेच्या संघातील एका खेळाडूच्या दहा डावांतील धावा लिहून काढा. सरासरी आणि मध्यक काढा. मग सर्वांत मोठी धावसंख्या वगळून दोन्ही पुन्हा काढा. कोणता आकडा अधिक हलला, आणि का?