तपास पुरा झाला, हे कोणी सांगायचे?

नगर, मार्गशीर्ष

चिरंजीव बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मजकूर पोहोचला. ‘एल. ए. नॉयर’ या तपासाच्या खेळातील एकूण एक अचीव्हमेंट मिळवून अखेरची प्लॅटिनम ट्रॉफी पदरात पाडून घेण्याचा जो संकल्प तू गणेशोत्सवात सोडला होतास, तो सिद्धीस जात आला असून आता चार-दोनच कलमे बाकी उरली आहेत, हे वाचून मला संतोष वाटला. त्याच सुमारास तुझ्या आईचाही फोन आला आणि ‘दादा, तूच त्याला दोन शब्द सांग,’ अशी तिने गळ घातली. परंतु हे पत्र मी तिचे वकीलपत्र घेऊन लिहीत नाही. खेळात वेळ जातो, डोळे शिणतात, सत्रपरीक्षा तोंडावर आली आहे, हे सारे ती तुला सांगतेच, आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. माझे म्हणणे निराळे आहे; आणि ते इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की ज्याची सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात आणि तीतला बराच काळ मुद्देमालाच्या खोलीत गेला, त्याला तपास हा विषय जिवाभावाचा असतो. ज्या विद्येची हौस तू पडद्यावर भागवतोस, तिचे बरेवाईट फळ कापडात शिवलेले आणि लाखेने मोहोरबंद केलेले असे माझ्या हाताखालून गेले आहे.

आमच्या पिढीला हे वेड नव्हते असे मात्र समजू नकोस. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांपैकी ज्या ज्या हाती लागत त्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या ओढीने आम्ही एका बैठकीत संपवीत असू, आणि पुढे भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स वाचल्यावर तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या पादत्राणांकडे पाहून त्याचा व्यवसाय ओळखण्याचा नाद लागला होता. पण आम्ही गुप्तहेराच्या मागून चालत होतो. तो काय पाहतो ते लेखक सांगेल तेव्हाच आम्हाला कळे. तुझ्या खेळात मात्र वस्तू उचलायची, उलटीपालटी करून पाहायची, टिपणवहीत नोंदायची आणि प्रश्न कोणता विचारायचा हे ठरवायचे, ही सर्व जोखीम खेळणाऱ्याच्या माथी आहे. हा गुण मला मोठा वाटतो, आणि तो वाटतो म्हणूनच तू या खेळापासून काय शिकतोस याची मला चिंता आहे.

तू पाठवलेली अचीव्हमेंटांची यादी मी चष्मा लावून सावकाश वाचली. 2005 साली एक्सबॉक्स 360 बरोबर आणि 2008 साली ट्रॉफींच्या रूपाने प्लेस्टेशनवर आलेली ही प्रथा आता इतकी रूढ झाली आहे, की खेळ संपला तरी यादी संपल्यावाचून तुम्हा मुलांना समाधान होत नाही. तुझ्या यादीत 95 मोटारी चालवून पाहणे आहे, शहरभर दडवलेली 50 सोनेरी फिल्मची रिळे शोधणे आहे, कथा 1947 सालची म्हणून 194.7 मैलांहून अधिक गाडी हाकणे आहे, आणि मारामारीत डोक्यावरची हॅट पडू न देणे हेही आहे. यांत तपास कोठेच नाही. ही केवळ अंगमेहनत आहे; करायची तर आनंदाने कर, पण तिला तपासाच्या हिशेबात धरू नकोस. एखाद्या प्रकरणातील प्रत्येक प्रश्न अचूक विचारणे किंवा जवळजवळ सारे पुरावे हुडकून काढणे ही कलमे मात्र गुणाची आहेत, आणि नेमकी हीच कलमे तू दुसऱ्या कोणी केलेली यादी मोबाइलवर उघडून, तीत दाखवल्या जागी जाऊन पुरी करतोस, असे तूच मला मोकळेपणाने लिहिले आहेस. बाळ, असे करू नकोस. ज्या कलमात बुद्धीचा कस लागायचा तेच कलम उसने आणले, तर उरलेल्या 95 मोटारी आणि 50 रिळे यांचे तुला काय करायचे आहे?

याहून खोल अशी एक गोष्ट दिवाळीत तुझ्या शेजारी बसून खेळ पाहताना माझ्या ध्यानात आली. तुझ्या खेळातला तो तपासी पोलीस कोल फेल्प्स गुन्ह्याच्या जागी पोहोचला की मंद संगीत सुरू होते. पुराव्याच्या वस्तूजवळ तो गेला की बारीकसा नाद उमटतो आणि तुझ्या हातातले यंत्र थरथरते. आणि तेथील सर्व पुरावे हाती आले की संगीत थांबते. संगीत थांबताच तू क्षणाचाही विचार न करता त्या खोलीकडे पाठ फिरवलीस. शोध पुरा झाला हे तुला खेळ करणाऱ्याने सांगितले, आणि ते सांगणारा कोणीतरी सदैव असतोच अशी सवय तुझ्या मनाला लागत चालली आहे. मला जे काही सांगायचे आहे ते एवढ्यासाठी.

खऱ्या तपासात ही खूण मिळत नाही. आपल्याकडे घटनास्थळाचा पंचनामा होतो, तेव्हा तपासी अंमलदार त्याच भागातील दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवाशांना पंच म्हणून बोलावतो, दिशा, अंतरे आणि वस्तू लिहून घेतो, जप्त केलेला जिन्नस त्यांच्यासमक्ष बांधून त्यावर त्यांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेची मोहोर लावतो. आता नव्या कायद्याने या सर्वांचे चित्रीकरणही करावे लागते. समज, उसाच्या फडात सापडलेला एक कोयता आहे. त्याची मूठ बाभळीची, पाते मधोमध झिजलेले, मुठीजवळच्या खाचेत काळपट डाग. तो खोलीत येतो, मुद्देमालाच्या नोंदवहीत चढतो, आणि काही वर्षांनी खटला उभा राहिला म्हणजे न्यायालयात सर्वांसमक्ष त्याचे पुडके उघडले जाते. लाख उन्हाळ्याने तडकलेली असते. आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो डागाबद्दल नसतो. मोहोर शाबूत होती काय, एवढेच विचारतो. मग पंच पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, की सही माझीच आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. झाले; तो कोयता जागच्या जागी मुका होतो, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल कितीही चोख असो. घटनास्थळी त्या दिवशी आणखी काय पडले होते, जे कोणी उचलले नाही, त्याची तर कागदावर नोंदच नसते. त्या अंमलदाराला ‘आता पुरे’ हे स्वतःच्या विवेकाने ठरवावे लागले होते, आणि त्याच्या त्या ठरवण्यावर एका माणसाचे आयुष्य आणि दुसऱ्या एका घराचा न्याय अवलंबून राहिला होता.

जबाबांचेही तसेच. त्या खेळासाठी नटांचे चेहरे 32 कॅमेऱ्यांनी टिपले होते, म्हणूनच समोरच्याची नजर चळली किंवा ओठ हलले की तो काहीतरी लपवतो आहे हे तू ताडतोस, आणि ते बहुधा खरे ठरते. कारण ते खरे ठरावे अशाच बेताने तो चेहरा घडवलेला आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात मी पाहिलेली माणसे अशी नव्हती. आयुष्यात प्रथमच कोर्टाची पायरी चढलेली, पदराचे टोक बोटांत पिळत खाली पाहून बोलणारी एखादी म्हातारी अक्षर न् अक्षर खरे सांगत असे, आणि न्यायाधीशांच्या डोळ्यांत डोळे घालून खणखणीत आवाजात बोलणारा सराईत साक्षीदार उलटतपासणीत पार उघडा पडत असे. शिवाय तुझ्या खेळात दरडावून कबुली काढली की प्रकरण बहुतेक मिटते; आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमाने पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करण्यास मनाई केली, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो दंडक कायम ठेवला. कबुली कशी काढली जाऊ शकते हे ठाऊक असलेल्या लोकांनी तो नियम केला आहे. या नियमाचा आदर तुझ्या मनात रुजावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि या खेळाच्या कर्त्यांनाही हे सत्य अगदीच अपरिचित नव्हते. खुनाच्या खात्यातील पहिली पाच प्रकरणे आठव. प्रत्येकात तू पुरावे जमवलेस, आरोपी निश्चित केलास, पाच तारका मिळवल्यास. आणि सहाव्या प्रकरणात कळले की त्या साऱ्या खुनांचा कर्ता एकच असून तू कोठडीत घातलेली माणसे निर्दोष होती. त्या पाच तारका मात्र कोणी परत घेत नाही, तुझ्या यादीतली खूणही पुसली जात नाही. ज्या जागी हातातले यंत्र खाली ठेवून रात्रभर विचार करावा, अशी या साऱ्या खेळात मला दिसलेली जागा हीच आहे, आणि तू तीवरून पुढल्या अचीव्हमेंटकडे धावत गेलास. तेथे परत जा. पुरावे खोटे होते की त्यांचा अर्थ तू घाईने लावलास, आणि कोणत्या वस्तूपाशी तुला शंका यायला हवी होती, हे शोधून काढण्याला खेळात बक्षीस नाही. माझ्या लेखी मात्र ते साऱ्या यादीहून मोलाचे आहे.

अशा तपासाचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाची उजाड पांढर आहे. 1958 साली बी. पी. बोपर्डीकरांनी ती हेरली आणि पुढे दोन दशके, टप्प्याटप्प्याने, पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले. 1974 साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना ब्राँझच्या चार ओतीव मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ, ज्यावर हाकणारा पुरुष उभा आहे. रथ अवघा 45 सेंटिमीटर लांबीचा, पण त्या पुरुषाच्या उभे राहण्यातला डौल पाहावा असा. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी या उत्खननकर्त्यांनी या मूर्ती उत्तर हडप्पा काळाच्या ठरवल्या, परंतु डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण तपासून असा आक्षेप घेतला, की यांत सोमलाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत अशी मिश्रणाची रीत आढळत नाही, तेव्हा या ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील. मूर्ती शास्त्रीय उत्खननात सापडल्या असत्या तर ज्या थरात त्या होत्या त्या थरानेच साक्ष दिली असती. ती साक्ष कुदळीच्या पहिल्या घावाबरोबर गेली, आणि त्यात त्या शेतकऱ्याचा तिळमात्र दोष नाही. पन्नास वर्षे लोटली तरी विद्वानांचा मतभेद मिटलेला नाही, आणि तरीही त्यांच्यापैकी कोणी पुरावा आहे त्याहून अधिक आहे असे दाखवले नाही. कोठपर्यंत माहीत आहे आणि कोठून पुढे तर्क आहे ती रेघ त्यांनी आपल्या लेखनात स्वच्छ आखली. या रेघेपुढे माझे मस्तक नम्र होते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. प्लॅटिनम ट्रॉफी खुशाल मिळव. आरंभलेले कार्य अर्धवट टाकण्याचा उपदेश मी तुला करणार नाही. मात्र त्यानंतर खुनाचे खाते पुन्हा एकवार खेळ, आणि त्या वेळी खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते संगीत, तो नाद आणि ती थरथर ही तिन्ही बंद कर; तशी सोय त्यात आहे. दुसऱ्याची यादी उघडू नकोस. एक साधी दोनशे पानी वही घे. प्रत्येक जागा सोडताना ‘येथील तपास मी कोणत्या कारणाने पुरा समजतो’ हे दोन ओळींत लिही, आणि खाली जे उलगडले नाही तेही लिही. ती दुसरी ओळ कोरी राहू लागली तर सावध हो.

सत्रपरीक्षा संपली की ही वही घेऊन ये. पुण्याहून दौंडमार्गे मनमाडकडे जाणारी गाडी धर, मी नगरला तीत चढेन. उतरायचे ते श्रीरामपूरला, पण स्टेशनाच्या पाटीवर बेलापूर असते, हे ध्यानात ठेव. तेथून दायमाबादला जाण्याची व्यवस्था मी करतो. पायांत चांगले बूट असू देत, पांढरीवर काटे फार आहेत. तेथे खापरांचे तुकडे पडलेले दिसतील. मोह झाला तरी एकही खिशात घालायचा नाही, कोठे पडले आहे ते पाहायचे, वहीत त्याची आकृती काढायची आणि जागचे हलवायचे नाही. परीक्षेच्या तारखा आईला विचारून कळव, म्हणजे मला तिकिटांचे पाहता येईल.

कळावे.

तुझा
मामा