शके १७४… आणि गेलेला आकडा

आमच्या अनसिंगच्या घरातल्या बंदुकीची दारू ठेवायच्या शिंगाला तोंडाशी पितळी कडं आहे. त्यावर आज एवढंच वाचता येतं: ‘शके १७४’. पुढचा आकडा गेला आहे. त्याच्यापुढे संवत्सराचं नाव होतं, खाली शिंगावर मोडीत कोरलेल्या ओळी होत्या, त्याही गेल्या. घरात लग्न निघालं, जुनी तांब्या-पितळेची भांडी पॉलिशला गेली आणि कुणीतरी त्याच पोत्यात हे शिंगही टाकलं. कारागिराने मशीन फिरवून ते लख्ख करून दिलं. त्याने काम मनापासून केलं होतं. हे भांडं नव्हे, हे त्याला सांगायला कुणी गेलं नाही.

त्या एका आकड्याने काय फरक पडतो? तिथे शून्य असेल तर ते शके १७४०, म्हणजे इसवी सन १८१८-१९. पेशवाई नुकतीच बुडाली होती, वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता, आणि पैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या डोंगराळ मुलखात हटकर नाईक कुणालाच जुमानत नव्हते. आपल्याकडून पुसद ओलांडून गेलं की उमरखेड लागतं. त्या उमरखेडाशी नोवसाजी नाईकांची फौज निजामाच्या कवायती पलटणींशी भिडली आणि हटली. मग या पलटणींच्या मेजर पिटमनने नाईकांच्या नोवा इथल्या गढीला वेढा घातला आणि ३१ जानेवारी १८१९ रोजी हल्ला करून ती घेतली. आतल्या शिबंदीत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यातले थोडेच जिवंत बाहेर आले.

अशा लढायांची आठवण जिंकणाऱ्यांनी चांदीवर ठेवली. १८५१ साली इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जुन्या मोहिमांसाठी एक पदक मंजूर केलं. असई, अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, कोरेगाव अशा लढायांच्या नावांच्या पट्ट्या त्याच्या फितीवर चढवायच्या. त्यात नोव्याची पट्टी नाही. गढीच्या आतल्या माणसांना कोण पदक देणार? त्यांची साक्ष उरलीच असेल तर ती घरोघरच्या तलवारीच्या मुठीवर, बंदुकीच्या दस्त्यावर, अशा एखाद्या शिंगावर.

अमेरिकेत असं झालेलं आहे. तिथे फ्रेंच-इंग्रज युद्धात सरहद्दीवरच्या किल्ल्यांत बसलेले साधे शिपाई आपल्या दारूच्या शिंगांवर नाव, तारीख, नद्या आणि किल्ल्यांचे नकाशे कोरत. जॉन बुश नावाच्या आफ्रिकी वंशाच्या शिपायाने कोरलेली शिंगं आजही आहेत. तो १७५७ साली विल्यम हेन्री किल्ला पडला तेव्हा कैद झाला आणि परत आलाच नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात रूफस ग्रायडर या चित्रकाराने अशी शेकडो शिंगं शोधून त्यांच्या नक्षीची चित्रं काढून ठेवली. आपल्याकडे कुणी ग्रायडर झाला नाही, म्हणून हे काम ज्याच्या घरात वस्तू आहे त्यानेच करायचं आहे.

आमचे थोरले काका तो आकडा शून्यच आहे असं सांगत. त्यांना मोडी येत होती, त्यांनी तो वाचलाही असेल. पण फोटो नाही, कागदावर उतरवलेलं नाही. शून्याऐवजी पाच असेल तर ते शिंग नोव्यानंतरच्या एखाद्या शिकाऱ्याचं किंवा जागल्याचं. ठासणीच्या बंदुका गावोगाव पुढेही फार वर्षं चालल्या, तेव्हा घरातलं प्रत्येक शिंग लढाईचं नसतं, हेही मान्य केलं पाहिजे.

म्हणून सांगतो. अशी वस्तू हाती आली की आधी तिचं तोंड बघा. शिंगाच्या तळाशी जुनी दारू चिकटून राहिलेली असू शकते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण कोरडं राहिलं तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेट घेतं. आमच्याकडे बूच घट्ट बसलंय म्हणून तापवलेली सळई आणायला पोरगा निघाला होता. मी त्याला हाताला धरून बसवलं. तापवू नका, खरवडू नका, ड्रिल लावू नका. आत काही खुळखुळलं तर तसंच ठेवून पोलीस ठाण्याला कळवा.

मग अक्षरं. कोरलेल्या रेघांत काजळी भरलेली असते, तिच्यामुळेच त्या दिसतात. पॉलिशने काजळी जाते आणि वरचा थरही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा; पुसट रेघसुद्धा सावली टाकते. शेजारी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. खडू, हळद चोळून अक्षरं उठवू नका. मोडी वाचून घ्यायला पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारता येतं.

कुणी लेख असलेली वस्तू विकायला आणली तर शक आणि संवत्सर ताडून पाहा. शके १७४० हे बहुधान्य संवत्सर. त्याच्यापुढे दुसरंच नाव कोरलेलं असेल, तर शिंग जुनं आणि कोरीव काम नवं असण्याचा संशय घ्यावा. शिंग पिळाचं, काळविटाचं असेल तर वन्यजीव कायद्याने त्याची विक्री गुन्हा ठरते. आधी वनविभागाला विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते: ती परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापारही करता येत नाही. दारावर येऊन रोख पैसे मोजणारा हे सांगत नाही.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात सैल गुंडाळा. उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. शिंगाला कसर लागते, म्हणून वर्षातून दोनदा तरी उघडून बघा.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजा होते. ते तेल आणि कुंकू वर्षानुवर्षं रेघांत बसतं. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू पाटावर वाहा, वस्तूवर नको. येत्या खंडेनवमीला वाशीम, पुसद, उमरखेड, हिंगोलीकडच्या ज्या घरांत अशी वस्तू पाटावर येईल, त्यांनी पूजेआधी तिचे फोटो काढावेत आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिच्याबद्दल जे माहीत आहे ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून घ्यावं.