स्वाधीन पाकीट आणि बारा शब्द

बँकेचे पासबुक हरवले, तर खातेदाराचे पैसे बुडत नाहीत. तो शाखेत जातो, आपली ओळख पटवितो आणि नवे पासबुक घेऊन परततो. कारण पैशाची नोंद बँकेच्या खतावणीत असते. बिटकॉइनसारख्या कूटचलनाचे जे पाकीट मनुष्य आपल्या मोबाइलवर सर्वस्वी स्वतःच्या ताब्यात ठेवतो, त्याला मात्र शाखा नाही, व्यवस्थापक नाही आणि अर्ज देण्यास खिडकीही नाही. अशा पाकिटास आपण ‘स्वाधीन पाकीट’ म्हणू. ते वापरण्यापूर्वी त्याची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. कारण सुरक्षिततेचे सर्व नियम या रचनेतूनच निघतात.

पाकिटात काय असते?

पाकिटात नाणी असतात, हा समज बरोबर नाही. बिटकॉइनचे जाळे ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले. तेव्हापासून या जाळ्यातील व्यवहार एका सार्वजनिक खतावणीत नोंदले जात असून तिच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर आहेत. मोबाइलमध्ये असते ती गुप्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. तिच्या साहाय्याने व्यवहारावर सही होते. ती सही खरी आहे की नाही, एवढेच जाळ्यातील संगणक पाहतात. सही करणारा कोण, हे ते विचारीत नाहीत. म्हणून किल्ली ज्याच्या हाती, धन त्याच्या हाती. किल्ली नष्ट झाली, तर नोंद कायम राहूनही ते धन कोणालाच हलविता येत नाही.

बारा शब्द कोठून येतात?

मोठी संख्या उतरवून घेताना चूक होणे सहज शक्य असते. यासाठी २०१३ मध्ये एक पद्धती मांडण्यात आली. तीत २०४८ सोप्या शब्दांची ठराविक यादी आहे. नाणे अकरा वेळा उडविले, तर छापा-काट्याचे २०४८ निरनिराळे क्रम संभवतात. म्हणजे अकरा फेकींनी यादीतील एक शब्द निश्चित होतो. बारा शब्दांना १३२ फेकी हव्यात. त्यांपैकी १२८ यदृच्छेने होतात व उरलेले ४ अंक त्यांवरून गणिताने काढले जातात. त्यामुळे लिहिण्यातील चूक बहुधा उघडकीस येते. ही ‘नाणेफेक’ मोबाइल स्वतःच करतो. १२८ फेकींचे संभाव्य क्रम सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतके आहेत. त्यांतील नेमका आपला क्रम योगायोगाने कोणास सापडणे अशक्यप्राय होय. मनाने निवडलेल्या शब्दांना हे संरक्षण मिळत नाही.

या शब्दांपासूनच पाकिटातील सर्व किल्ल्या उत्पन्न होतात. एकाच बीजापासून दर वेळी तेच झाड उगवावे, तसे हे आहे.

आरंभ कसा करावा?

१. ॲप निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच घ्यावे. सारख्या नावाची बनावट ॲपेही आढळतात.

२. शब्द कागदावर शाईने, क्रमाने लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये. छायाचित्रांच्या प्रती पुष्कळदा आपोआप दूरच्या संगणकावर जातात. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

३. पैसे टाकण्यापूर्वीच ॲप काढून टाकावे आणि कागदावरील शब्दांवरून पाकीट पुन्हा उभे करावे. पहिला पत्ता पूर्वीचाच दिसला, तर आपली प्रत बरोबर आहे.

४. प्रथम अल्प रक्कम पाठवावी. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात. पत्ता अथपासून इतिपर्यंत ताडून पाहावा. उतरविलेला पत्ता गुपचूप बदलणारे दुष्ट प्रोग्रॅम आहेत. खतावणीत पक्का झालेला व्यवहार परत फिरविता येत नाही.

५. शब्द कोणासही सांगू नयेत. मदतनीस म्हणून ते मागणारा मनुष्य चोरच समजावा.

मर्यादा

दुसऱ्याच्या हाती किल्ली देणेही निर्धोक नाही. टोकियोतील माउंट गॉक्स हा विनिमय-बाजार फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे सापडले. परंतु मोबाइलही सदैव जाळ्याशी जोडलेला असल्याने त्यात खिशात बाळगावी तेवढीच रक्कम असावी. कूटचलनाचे मोल झपाट्याने चढते-उतरते. भारतात ते कायदेशीर चलन नाही, आणि त्यापासूनच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर लागू झाला, हेही ध्यानात ठेवावे.

मोबाइल हरवला व कागद शाबूत असला, तर पाकीट दुसऱ्या मोबाइलवर उभे राहते. कागद हरवला व मोबाइल शाबूत असला, तर त्वरित नवे पाकीट करून, त्याचे शब्द लिहून घेऊन, धन तेथे हलवावे. दोन्ही हरवल्यास उपाय नाही. आणि कागद कोठे आहे हे घरातील एकाही विश्वासू माणसास ठाऊक नसेल, तर मालकाच्या पश्चात वारसांची स्थितीही हीच होते.