रस्त्यावरची वेधशाळा

आकाशातील तारे रावालाही दिसतात आणि रंकालाही. परंतु ते जवळ आणून दाखवणारी मोठी दुर्बीण मात्र दीर्घकाळ सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होती. अशा दुर्बिणीचे खरे मोल तिच्या आरशात असते. मंद प्रकाश एकवटणारा हा आरसा किंचित खोलगट असतो आणि त्या खोलगटपणात मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढीही चूक खपत नाही.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी वेदान्त मठात जॉन डॉब्सन हे साधक राहत. रसायनशास्त्र शिकून १९४४ साली ते मठात आले होते. त्यांना विश्व पाहण्याची ओढ होती. जवळ पैसा मात्र नव्हता. १९५६ साली त्यांनी जुन्या भिंगापासून लहानशी दुर्बीण केली. तिच्यातून शनीची कडी दिसली. तरी तेवढ्याने समाधान होईना. तेव्हा जहाजाच्या खिडकीची टाकाऊ, बारा इंच रुंदीची जाड काच त्यांनी मिळवली.

आरसा घासण्याची रीत साधी आहे. दोन काचांमध्ये ओली रेती घालून वरची काच मागेपुढे घासायची व फिरवत राहायचे. वरची काच मध्यभागी अधिक झिजते, खालची कडांशी. रेती क्रमाने बारीक करीत न्यायची. शेवटी राळेच्या थरावर झिलई द्यायची. उरलेली चूक प्रकाशाच्या कसोटीने शोधून काढायची. यंत्रापेक्षा धीरच येथे अधिक लागतो.

त्या आरशातून चंद्र पाहताच डॉब्सन थक्क झाले. हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे, असे त्यांना वाटले. पुढे सॅक्रामेंटोच्या मठात असताना ते दुर्बीण ढकलत वस्तीत नेत. मठाच्या शिस्तीत हे बसेना. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचा आश्रय गेला, पण दुर्बीण सुटली नाही. पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी पेटीची बैठक घेऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले. १९६८ साली त्यांनी सोबत्यांसह पदपथावरील खगोलप्रेमींचे मंडळ स्थापले. आपल्या युक्तीचे हक्क त्यांनी राखून ठेवले नाहीत. म्हणून जगभरचे हौशी लोक आजही तशी दुर्बीण घरी बनवतात.

२०१४ साली डॉब्सन निवर्तले. वाटसरूला थांबवून त्यांनी चंद्र दाखवला. त्याबद्दल कोणाकडून मोल घेतले नाही.

स्वाध्याय
१. आरसा घासताना वरची काच खोलगट का होते?
२. डॉब्सन यांनी काय गमावले व काय मिळवले?