जुनी बोट घेण्याआधी

बाबू, तुझा विचार ताईकडून कळला. देवगडची ती फायबरची बोट घ्यायची, मालवणात आणून पर्यटक फिरवायचे, आणि सवड मिळेल तेव्हा घरच्यांनाही समुद्रावर न्यायचं. विचार चांगला आहे, मी आडवा येणार नाही. फक्त जेटीला बांधलेली बोट बघून भाव बोलू नकोस. जुन्या बोटीत जे बघायला हवं, त्यातलं निम्मं पाण्याखाली असतं. तिला वाळूवर काढायला लाव. मालक टाळाटाळ करू लागला तर तिथूनच मागे फीर.

नवा रंग लावण्याआधी बघ. नारळीपौर्णिमेच्या सुमाराला किनाऱ्यावरची प्रत्येक होडी नवी दिसते, तेव्हा काही कळत नाही. मे महिन्यात, बोट शाकारायच्या आधी गेलास तर मोसमाचा सगळा मार तिच्या अंगावर दिसतो. मालकालाही पावसाळ्याचा खर्च नको असतो, त्यामुळे भाव नरम असतो. समुद्र बंद व्हायच्या आत चालवून बघणंही जमतं.

बोट कोरडी पडली की आधी मागे जा, इंजिन टांगतात त्या फळीपाशी. फायबर कुजत नाही असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण या फळीच्या पोटात बहुतेक बोटींना प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून खारं पाणी आत मुरतं आणि बाहेरचं फायबर शाबूत राहून आतलं लाकूड भुसा होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी भदभद. मग इंजिन वर उचलून त्याचा पंखा खाली दाब आणि फळीकडे नजर ठेव. फळी केसभर जरी हलली, बोल्टाखालून तपकिरी पाण्याचे ओघळ दिसले, तर ती फळी नव्याने करावी लागणार. ते काम महिनाभराचं आहे आणि त्याचा पैसा किमतीतून कापून घ्यायचा. मी बघितलेल्या वाईट सौद्यांपैकी बहुतेक या एका फळीवर फसलेले आहेत, म्हणून एवढं लांबवून सांगतो.

तळाला फोड दिसले तर एक टोचून बघ. आंबट वासाचं पाणी आलं तर फायबरच्या थरात पाणी शिरलं आहे. चार फोड असतील तर घासून भरता येतात, सगळा तळ फोडांनी भरला असेल तर बोट सोड.

आता इंजिन. पोचल्या पोचल्या वरचं झाकण काढून हात लाव. गरम लागलं तर मालकाने तू यायच्या आधीच सुरू करून ठेवलं होतं, म्हणजे थंड असताना ते त्रास देतं. गार होऊ दे, मग पुन्हा सुरू करायला सांग. बाजूच्या भोकातून पाण्याची धार जोरात पडायला हवी. बारीक पडली तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत मीठ साचलंय किंवा पंप गेलाय. खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून ऑइलचे चार थेंब तळहातावर घे. दुधाळ निघालं तर सील फुटून आत पाणी गेलं आहे. कम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घे, सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. इंजिन किती वर्षांचं ते विचारू नकोस, किती तास चाललं ते विचार. हौशी माणसाची बोट वर्षाला शंभर तासही चालत नाही, पर्यटकांची बोट मोसमात तेवढं महिन्याभरात चालते.

ट्रायल रिकाम्या बोटीने घेऊ नकोस. जितके प्रवासी न्यायचे तितके मित्र बसव, प्रत्येकाला जॅकेट घाल आणि अर्धा तास पूर्ण वेगाने चालव. भरलेली बोट उठत नसेल तर इंजिन कमी पडतंय, नाहीतर तळातल्या फोमने पाणी पिऊन ती जड झाली आहे.

कागदांचं आता नीट ऐक. मासेमारीची नोंदणी असलेल्या बोटीत प्रवासी घेता येत नाहीत. प्रवाशांसाठी मेरीटाइम बोर्डाची नोंदणी, सर्व्हे आणि परवाना लागतो, आणि किती माणसं बसवायची तो आकडा त्या सर्टिफिकेटवर असतो. ‘पासिंग करून देतो’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नकोस. बँकेचा बोजा आहे का ते बघ. इंजिनावर कोरलेला नंबर बिलाशी ताडून घे. आणि जेटीवर आधी चौकशी कर, की तुझ्या बोटीला तिथे प्रवासी न्यायची पाळी मिळेल का. बोट नावावर झाली म्हणजे पाळीही आपोआप येते असं नाही. पाळीशिवाय बोट म्हणजे दारात बांधलेला हत्ती.

हिशोब करताना मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत जमा शून्य धर, कारण पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद असतात. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी सोडली तर अर्धी बोट भरेल एवढंच गृहीत धर. खलाशांचा पगार, विमा, शाकारणी, रंग, दर शंभर तासांची सर्व्हिस, जस्ताचे तुकडे, पंपाचा रबर, हे सगळं लिहून काढ. किमतीचा पाचवा हिस्सा रोख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. तेवढा नसेल तर एक मोसम थांब. ताईचे दागिने यात आणू नकोस.

जॅकेटं जुन्या मालकाची आली तर पट्टे ओढून बघ, फोम दाबून बघ. सडलेली फेकून दे, नवी घे, लहान मुलांच्या मापाची वेगळी घे. 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. मेच्या शेवटी वारा कसा फिरतो ते तुला माहीत आहे. गिऱ्हाईक किनाऱ्यावर पैसे हातात घेऊन उभं असलं तरी अशा दिवशी बोट बाहेर काढायची नाही, हे आज तू मला कबूल कर, मगच मी तुझ्याबरोबर बोट बघायला येईन.

विसार द्यायचा झाला तर पावतीवर इंजिनाचा नंबर, बोटीचा नंबर, आणि ‘सर्व्हे होऊन नावावर झाल्यावर उरलेली रक्कम’ एवढं लिहून घे. आता अष्टमीला भांग आहे, पाणी फारसं उतरणार नाही. अमावास्येला जाऊ. दुपारच्या भरतीला बोट वर घेऊन ठेवायला मालकाला आजच फोन कर, संध्याकाळच्या ओहोटीला ती पूर्ण कोरडी पडेल आणि उजेडही असेल. स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च मी आणतो, मेकॅनिकला तू घेऊन ये.