जाळे विणणारा लांडगा

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावी कार्तिकातल्या पहाटे माळावर चक्कर मारा. कुसळी गवतात, अगदी जमिनीलगत, रुमाल वाळत घातल्यासारखी पांढरी जाळी दिसतात का ते पाहा. दवामुळेच ती डोळ्यांत भरतात. ऊन चढले की दिसेनाशी होतात. जाळ्याच्या एका कडेला नरसाळ्यासारखी नळी असून ती गवताच्या बुडाशी किंवा भेगेत उतरते. नळीच्या तोंडाशी दबा धरून बसलेला करडा कोळी म्हणजे हिप्पासा.

या जाळ्याला चिकटपणा नसतो. मग भक्ष्य सापडते कसे? तुडतुडा किंवा लहानसा नाकतोडा जाळ्यावर पडला, की त्याचे पाय धाग्यांत अडखळतात. तेवढ्यात धाग्यांचा कंप नळीपर्यंत पोचतो. कोळी धावत येतो, दंश करतो आणि भक्ष्य ओढत नळीत नेतो. सारी मदार वेगावर!

गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी हिप्पासाचा समावेश लांडगा कोळ्यांच्या कुळात केला आहे. या कुळातले बहुतेक कोळी भक्ष्यासाठी जाळे विणीतच नाहीत. जमिनीवर हिंडून शिकार करतात. मग हा जाळेवाला त्यांचा भाऊबंद कसा? त्याचे डोळे पाहा. खालच्या ओळीत चार बारीक, त्यांवर दोन मोठे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. दुसरी खूण मादीची. अंड्यांची गोल पिशवी ती पोटाच्या टोकाला, सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवून बरोबर वागवते. पिले बाहेर पडली की आईच्या पाठीवर चढून बसतात. जाळे पाहून कूळ ठरवले असते, तर हा कोळी भलत्याच घरात गेला असता.

कोळी हा शेतातला बिनपगारी राखणदार. तरीही उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी बांधावरचे गवत पेटवून देतात. जाळे ताणायला आधार तर त्याच गवताचा! याचा परिणाम तुम्हीच मोजा. पावसाळा सरल्यावर, रात्री, एक पेटवलेला व एक न पेटवलेला बांध निवडा. बरोबर मोठे माणूस हवे आणि पायांत बूट. या भागात फुरसे व विंचू आहेत. बॅटरी कपाळाशी धरून जमिनीवर प्रकाश टाका. लांडगा कोळ्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे हिरवट ठिणग्या चमकतात. जाळेवाले व हिंडणारे, दोन्ही त्यांत आले. दोन्ही बांधांवर शंभर-शंभर पावले चाला आणि ठिणग्या वहीत मांडा. एखादीभोवती बारीक ठिणग्यांचा पुंजका लुकलुकताना दिसला, तर ती पिले पाठीवर घेतलेली आई समजा.