लिंबावरील अळी व पाकोळी

लिंबाच्या रोपावर पांढऱ्या डागांची काळसर अळी दिसतांच ती चिरडावी, एवढेंच आम्हां बागाईतदारांस ठाऊक असतें. चारदोन अळ्या कोंवळ्या रोपाची सर्व पालवी बघतां बघतां फस्त करितात, तेव्हां तसें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु परसांतील जुन्या लिंबाचीं, कढीलिंबाचीं वा बेलाचीं पांचपंचवीस पानें तिनें खाल्लीं, तरी झाडाचें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून रोपावरील अळी पानासकट उचलून जुन्या झाडावर सोडावी, असें माझें मत आहे.

फाल्गुन-चैत्रांत शिंपण्याच्या झाडांस पालवी फुटली कीं, मादी पानावर एकेक बारीक पिंवळट अंडें घालिते. तीनचार दिवसांनीं अळी निघते. प्रथम ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व त्यामुळें पक्ष्यांपासून बचावते. मोठी होतांच हिरवीगार होते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेलें शिंग काढिते व उग्र वास सोडिते. पण ती चावत नाहीं.

नातवंडांस दाखविण्याकरितां मीं पांच अळ्या झांकणाच्या बरणींत ठेविल्या होत्या. ओल सांठून पानें कुजलीं व चार मेल्या. पुढें खोक्यास मच्छरदाणीचें कापड लाविलें. डहाळी पाण्याच्या बाटलींत ठेवून बाटलीचें तोंड कापसानें बुजवावें, नाहींतर अळी आंत पडून बुडते. विष्ठा रोज झाडावी. शेजारीं आंब्याच्या मोहरावर औषध फवारलें असल्यास तेथील पानें मुळींच घालूं नयेत.

सुमारें पंधरा दिवसांनीं अळी काडीस रेशमी धाग्यानें कंबर बांधून कोष करिते. आठदहा दिवसांनीं बहुधा सकाळीं पाकोळी निघते. पंख वाळेपर्यंत तिला हात लावूं नये. मग जास्वंदीजवळ सोडावी.

याच कुळांतील काळीनिळी राणी पाकोळी, जिला नीलवंत असेंहि म्हणतात, ती महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं राज्यफुलपाखरूं ठरविली. तिची अळीहि लिंबू-पपनसावर व रानांतील माकडलिंबावर वाढते. तेव्हां आपण चिरडतों ती कोणाची, हें आधीं पाहावें.

कधीं कोषांतून पाकोळीऐवजीं बारीक गांधीलमाश्या निघतात. मुलें हिरमुसतात, पण त्याहि मारूं नयेत. आपल्या रोपांवरील अळ्यांची संख्या आटोक्यांत ठेवण्याचें काम त्याच करितात.